पुढचं चाक आणि ब्रेक घरी परत बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाक काढायला कुणी कुणाला विचारत नाही. नट सैल केला, अ‍ॅक्सलला मागून दोन ठोके दिले की चाक हातात येतं. प्रश्न सुरू होतात दुसऱ्या दिवशी. पंक्चरवाल्याकडून टायर बदलून आणलेला असतो, पार्किंगमध्ये गाडी ठोकळ्यावर उभी असते आणि स्टीलच्या ताटलीतल्या चार बुशांपैकी (अ‍ॅक्सलवर चढणाऱ्या धातूच्या आखूड नळ्या) कुठलं कुठल्या बाजूचं ते आठवत नसतं. हे पान त्या दुसऱ्या दिवसासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः दोन गाड्यांची घेतली आहेत : ड्रम ब्रेकची स्प्लेंडर आणि डिस्कची पल्सर १५०. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गल्लीत या दोन्ही उभ्या सापडतात, आणि बाकीच्या बहुतेक गाड्यांची रचना यांच्यापैकी एकीसारखी असते.

हे काम घरी करावं का?

चाक बसवणं, लायनर बदलणं, डिस्क पॅड बदलणं, ब्रेकमधली हवा काढणं ही कामं घरी होण्यासारखी आहेत. बेअरिंग ठोकून काढणं-बसवणं जमेल तर करा, नाहीतर नुसतं चाक घेऊन गॅरेजमध्ये जा, दहा मिनिटांत होतं. कॅलिपर (डिस्क ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) पूर्ण उघडून आतली रबरी सील बदलणं पहिल्याच खेपेला करू नका. आणखी एक अट आहे. काम संपल्यावर लगेच कुठे जायचं असेल तर त्या दिवशी हात घालू नका. घाईत बसवलेला पुढचा ब्रेक पहिल्या उतारावर हिशेब मागतो.

काढताना फोटो काढले नव्हते. आता कुठून सुरुवात करू?

आधी वस्तू बोलतात का बघा. बुशच्या ज्या तोंडावर शॉकअपचा पाय दाबून बसत होता तिथे गोल, चकचकीत ओरखडा असतो. जे तोंड बेअरिंगकडे होतं त्यावर बारीक, एकसारखी कडी उमटलेली दिसते. ज्या बुशच्या बाहेरच्या अंगावर रबरी सीलची रेघ असते ते सीलच्या आत जाणारं. बहुतेक गाड्यांत एका बाजूला ड्रम प्लेट (ड्रमचं झाकण, ज्यावर ब्रेक बसवलेला असतो) किंवा मीटरचा डबा (जिथून स्पीडोमीटरची केबल निघते) असतो आणि बुश दुसऱ्या बाजूला, त्यामुळे गोंधळ वाटतो तेवढा नसतो.

तरी शंका राहिली तर सगळ्यात सोपा उपाय पार्किंगमध्येच असतो. त्याच मॉडेलची दुसरी गाडी शोधा आणि तिच्या पुढच्या चाकाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. आमच्या सोसायटीत वॉचमनकाकांची स्प्लेंडर हेच माझं सर्व्हिस मॅन्युअल आहे. फक्त मॉडेलचं साल जुळतंय ना ते पाहा. २०१९ नंतरच्या स्प्लेंडरच्या पुढच्या ब्रेकची जुळणी आधीच्या गाडीसारखी नाही. त्याचं कारण पुढे येईल.

कोणती हत्यारं लागतील?

नटच्या मापाचे रिंग पाने दोन, कारण अ‍ॅक्सलचं एक टोक धरावं लागतं. अ‍ॅलन कीचा संच, पक्कड, रबरी किंवा लाकडी हातोडा, वायर ब्रश, सुती फडकी. डिस्कसाठी आणखी ८ नंबरचा रिंग पाना, कॅलिपरच्या निपलवर (हवा काढायच्या छोट्या तोटीवर) घट्ट बसणारी पारदर्शक नळी आणि रिकामी बाटली. टॉर्क पाना (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा) असेल तर उत्तम, नसला तरी काम अडत नाही. अ‍ॅडजस्टेबल पाना मात्र घरीच ठेवा. त्याने नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोड्याची पाळी येते.

पुढची बाजू उचलून कशी ठेवायची?

डबल स्टँडवर गाडी उभी करा आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा सारा, एवढा की पुढचं चाक जमिनीपासून दोन-तीन बोटं वर राहील. ठोकळा इंजिनच्या मजबूत भागाखाली हवा, सायलेन्सरच्या पाइपखाली नको. मागच्या सीटवर सिमेंटची गोणी ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. वजन म्हणून ती ठीक आहे, पण फक्त तिच्या भरवशावर गाडी ठेवू नका. शेजारचं एखादं पोर येऊन गोणीवर बसतं आणि उठतं.

डबल स्टँड नसलेल्या गाडीसाठी पॅडॉक स्टँड किंवा जॅक लागतो. विटांचा मनोरा रचू नका, वीट कोपऱ्यावर दाब आला की फुटते.

बसवण्याआधी काय काय साफ करायचं, आणि ग्रीस नेमकं कुठे?

अर्धं काम इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अ‍ॅक्सल फडक्याने पुसून, गंज असेल तर वायर ब्रश किंवा बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे न उघडलेला अ‍ॅक्सल हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) चिकटून बसतो, तो या गंजामुळेच. साफ झाल्यावर गुळगुळीत फरशीवर घरंगळून पाहा. वाकलेला असेल तर लंगडत जातो. वाकडा अ‍ॅक्सल ठोकून सरळ करायचा नसतो, नवा आणायचा. सरळ असेल तर त्यावर बोटाने ग्रीसचा पातळ हात फिरवा. आट्यांना ग्रीस लावू नका. आटे गुळगुळीत झाले की नट तेवढ्याच जोरात जास्त आवळला जातो.

आता बेअरिंग. बोट आत घालून आतली रिंग फिरवा. लोण्यासारखी फिरली तर ठीक. खरखर, अडखळ किंवा आत-बाहेर ढिलाई जाणवली तर बदला. नंबर बेअरिंगच्या कडेवरच कोरलेला असतो. जुनं बेअरिंग सोबत घेऊन दुकानात गेलात की घोळ होत नाही. दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेलं मागा. नुसत्या पत्र्याच्या झाकणाचं बेअरिंग आपल्या पावसात लवकर पाणी पितं. दोन बेअरिंगच्या मध्ये, हबच्या आत एक लांब नळी असते. बेअरिंग बदलताना ती परत घालायला विसरलात तर नट आवळताच दोन्ही बेअरिंग आतल्या अंगाने दाबली जातात आणि काही दिवसांतच ओरडायला लागतात. नवं बेअरिंग ठोकताना मार नेहमी बाहेरच्या रिंगवर बसला पाहिजे. त्याच मापाचं सॉकेट किंवा जुनं बेअरिंग वर ठेवून ठोका.

रबरी सीलच्या ओठाला थोडं ग्रीस हवं. मीटरच्या गरारीला हवं. ड्रममध्ये कॅमच्या (ब्रेक दाबल्यावर फिरून शू फाकवणारा तुकडा) दांड्याला आणि शू (लायनर चिकटवलेला अर्धगोल तुकडा) ज्या खुंटीवर टेकतो तिथे मोहरीएवढं हवं. यापलीकडे हे साधं ग्रीस ब्रेकच्या आसपास कुठेही नको.

ड्रममधली काळी भुकटी फुंकून उडवू नका, कंप्रेसरची हवा तर नकोच. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तोंडाला रुमाल बांधून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

ड्रमचे लायनर बसताना हातातून निसटून उडतात. युक्ती आहे का?

आहे. एकेक शू बसवून मग स्प्रिंग ताणायला जाऊ नका. दोन्ही शू बाहेरच स्प्रिंगने जोडा, पुस्तक अर्धवट मिटावं तसे मधून दुमडा, एक टोक खुंटीवर आणि दुसरं कॅमवर टेकवा, आणि दोन्ही तळव्यांनी खाली दाबा. टक्कन बसतात. स्प्रिंगचे आकडे कुठल्या बाजूला तोंड करून आहेत ते जुन्या जोडीवरून पाहून घ्या. उलट्या बाजूला आले तर चाकाच्या हबला घासतात.

बसवण्याआधी ड्रमच्या आतला भाग बोटाने चाचपून पाहा. कडेला उंच धार आणि मध्ये खोलगट पट्टा झाला असेल तर ड्रम झिजलाय. कमाल व्यास बऱ्याच ड्रमवर आतच कोरलेला असतो. १३० मिलिमीटरच्या ड्रमला साधारण १३१ ची मर्यादा असते. त्यापुढे नवे लायनर घालूनही ब्रेक लागत नाही, आणि दोष लायनरला जातो.

कॅमवरचा बाहेरचा दांडा काढला असेल तर कॅमच्या टोकावरचा ठिपका आणि दांड्यावरची खूण समोरासमोर आणूनच बसवा. एक दात इकडेतिकडे झाला तरी झीज दाखवणारा बाण खोटं बोलायला लागतो.

ड्रम प्लेट बसवताना सगळ्यात महत्त्वाचं काय?

खाच. या पानावरचं फक्त एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ड्रम प्लेटला बाहेरच्या अंगाने एक खाच असते आणि शॉकअपच्या पायाला आतून एक जीभ असते. जीभ खाचेत बसलीच पाहिजे. ब्रेक दाबल्यावर चाक प्लेटला सोबत फिरवू पाहतं, आणि तिला धरून ठेवणारी दुसरी कुठलीही वस्तू गाडीत नाही. अ‍ॅक्सलचा नट ते काम करत नाही. खाच चुकवून नट कितीही आवळलात तरी पहिल्या जोरदार ब्रेकला प्लेट गरकन फिरते, केबल तिच्याभोवती गुंडाळली जाते आणि पुढचं चाक जागेवर जाम होतं. त्यानंतर गाडी चालवणारा गाडीवर नसतो.

फसगत अशी होते की खाच चुकली तरी कधी कधी अ‍ॅक्सल आत जातो. शॉकअपचा पाय किंचित बाहेर ताणला जातो, एवढंच. म्हणून अ‍ॅक्सल घातल्यावर, नट लावण्याआधी, ड्रम प्लेट दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे फिरवायचा प्रयत्न करा. किंचित खडखडली तर चालेल. फिरली तर चाक परत उतरवा. मग मोबाइलचा टॉर्च लावून जीभ खाचेत आहे हे डोळ्यांनी पाहा. मी आजही दोन्ही गोष्टी करतो, आणि बायको दरवेळी विचारते की किती वेळ त्या चाकाकडे बघत बसणार आहेस.

डिस्कच्या गाड्यांतही मीटरचा डबा अ‍ॅक्सलवर असेल तर त्याला अशीच खाच किंवा टेकू असतो. तिथे चूक झाली तर जिवावर बेतत नाही, फक्त मीटरची केबल तुटते.

चाक बसवलं, पण मीटर चालत नाही. काय चुकलं?

मीटरच्या गरारीला दोन कान असतात आणि ते हबमधल्या दोन खाचांत अडकतात. कान खाचेत न जाता वरच राहिले आणि नट आवळला, तर ते चेपतात. काटा शून्यावर, आणि गरारीचा खर्च वेगळा. ड्रम प्लेट हबमध्ये ठेवताना ती हळूहळू फिरवत राहा. कान जागेवर आले की प्लेट पाव इंच खाली बसल्याचं हाताला कळतं. केबल जोडण्याआधी चाक हाताने फिरवून केबलच्या भोकात डोकावा. आतली गरारी फिरताना दिसली पाहिजे.

डिस्क पॅडच्या मधे जातच नाही. पॅड जवळ आलेत. आता?

चाक बाहेर असताना कुणीतरी ब्रेक लिव्हर दाबला. कोण ते विचारू नका, बहुतेक वेळा आपणच असतो. पल्सरचं चाक पहिल्यांदा काढलं तेव्हा मी आवराआवर करताना हँडलला टेकलो आणि लिव्हर दोनदा दाबला गेला. डिस्क मधे नसली की पिस्टन बाहेर येतात आणि आपोआप मागे जात नाहीत.

पॅडच्या मधे लाकडाची सपाट पट्टी घालून हळूहळू फाकवा. स्क्रू ड्रायव्हर थेट पॅडच्या लायनिंगवर टेकवू नका, कपची उडते. त्याआधी हँडलवरच्या ऑइलच्या डबीचं झाकण उघडा. पिस्टन मागे गेले की ऑइल उलटं वर चढतं, आणि डबी काठोकाठ भरलेली असेल तर टाकीवर सांडतं. जास्तीचं ऑइल सिरिंजने ओढून घ्या. पिस्टनच्या बाहेर आलेल्या भागावर माती किंवा गंज असेल तर मागे ढकलण्याआधी तो ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर ती घाण सीलला घासत आत जाते.

पुढच्या वेळी चाक काढल्या काढल्या पॅडच्या मधे पुठ्ठ्याची जाड घडी घालून ठेवा.

कॅलिपर बसवताना कुठे लक्ष द्यायचं?

पल्सरसारख्या गाडीचा कॅलिपर पिनांवर डावी-उजवीकडे सरकतो. या पिना सुकल्या की एकच पॅड काम करतो आणि एकीकडचाच झिजतो. पिना काढा, जुनं चिकट ग्रीस पुसा आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबरी टोप्या फुगतात. बसवल्यावर कॅलिपर दोन बोटांनी सरकला पाहिजे.

पॅड बसवताना लायनिंगची बाजू डिस्ककडे. हसू नका, एक पॅड उलटा बसवलेली गाडी मी पाहिली आहे; पत्र्याने डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा ओढल्या होत्या. पॅडच्या मागची पातळ स्टीलची पट्टी आणि कॅलिपरमधली स्प्रिंग काढून ठेवली असेल तर ती परत घाला. ती ‘एक्स्ट्रा’ नसते. तिच्यावाचून खड्ड्यात पॅड खडखडतात.

कॅलिपरचे दोन बोल्ट आधी हाताने आटे पकडेपर्यंत फिरवा, मग पाना लावा. शॉकअपचा खालचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तिरका बोल्ट जोरात आवळला की त्याचे आटे जातात, आणि नवा खालचा पाय बोल्टपेक्षा फार महाग पडतो.

अ‍ॅक्सलचा नट किती आवळायचा?

आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. अंदाज हवा असेल तर १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत तो ४५ ते ६० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. टॉर्क पाना नसेल तर हिशेब असा : २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर २० किलोचा जोर दिला की साधारण ४९ न्यूटन-मीटर होतात. २० किलो म्हणजे किती हे हाताला कळत नसेल तर बाथरूममधला वजनकाटा भिंतीला टेकवून एका हाताने दाबून बघा. पान्याला पाइप लावून त्यावर उभं राहणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

जोरापेक्षा क्रम जास्त महत्त्वाचा. ड्रमच्या गाडीत नट हाताने घट्ट करा, चाक फिरवा, ब्रेक लिव्हर जोरात दाबून धरा आणि तसाच धरून नट आवळा. त्यामुळे शू ड्रमच्या बरोबर मधोमध बसतात. लिव्हर धरायला दुसरं माणूस नसेल तर रबरी ट्यूबच्या पट्टीने बांधा.

ज्या गाड्यांत शॉकअपच्या पायाला अ‍ॅक्सल पकडणारा आडवा क्लॅम्प बोल्ट असतो, तिथे मुख्य नट आवळल्यावर गाडी ठोकळ्यावरून उतरवा, पुढचा ब्रेक दाबून हँडल चार-पाच वेळा खाली दाबा, आणि मगच तो बोल्ट आवळा. आधी आवळलात तर एक पाय किंचित तिरका अडकतो आणि शॉकअप जड होतं.

नटाला कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून आरपार घालून दुमडायची पिन) असेल तर ती नवी घाला. तार वळवून वापरू नका. आत नायलॉनची कडी असलेला नट हाताने शेवटपर्यंत फिरत असेल तर त्याचं आयुष्य संपलं.

सगळं बसवलं, पण लिव्हर हँडलपर्यंत जातो.

घाबरू नका आणि गाडीही हलवू नका. डिस्कमध्ये पिस्टन मागे ढकलले होते, ते डिस्कपर्यंत येईतो लिव्हर आठ-दहा वेळा दाबावा लागतो. हे आठवण्याची जागा पार्किंगचा उतार नाही. चाक जमिनीला लागण्याआधी लिव्हर टणक झाला पाहिजे.

दाबून दाबून टणक झाला आणि तसाच राहिला तर काम झालं. स्पंजासारखा लागत असेल तर आत हवा आहे.

ब्रेकमधली हवा कशी काढायची?

टाकी आणि मडगार्ड जाड ओल्या फडक्याने झाका. हँडल असं वळवा की ऑइलची डबी सपाट राहील. झाकण उघडा, वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा. कॅलिपरच्या निपलवर आधी रिंग पाना चढवा आणि मग नळी. उलटं केलंत तर नळी परत काढावी लागते, प्रत्येकजण एकदा करतोच. नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा.

लिव्हर चार वेळा दाबा आणि दाबूनच धरा. निपल पाव फेरी उघडा. लिव्हर खाली जाईल, नळीत बुडबुडे दिसतील. निपल बंद करा, त्यानंतरच लिव्हर सोडा. हा क्रम मोडला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहा, आणि डबीकडे एक डोळा ठेवा. डबी रिकामी झाली तर वरून हवा शिरते.

मधूनमधून पान्याच्या दांड्याने नळी आणि कॅलिपर हलके ठोका, चिकटलेले बुडबुडे सुटतात. थोडासा मऊपणा शेवटपर्यंत जात नसेल तर लिव्हर हँडलला बांधून रात्रभर ठेवा. सकाळी बऱ्याचदा फरक पडलेला असतो.

ऑइलची नळी कॅलिपरवरून काढली असेल तर तिच्या बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घाला. काही रुपयांची वस्तू आहे. जुने दाबलेले असतात, झिरपतात.

कोणतं ब्रेक ऑइल?

डबीच्या झाकणावर लिहिलेलं. बहुतेक ठिकाणी डॉट ३ किंवा डॉट ४. त्याला आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नाही, आणि म्हणून इंजिन ऑइलचा एक थेंबही तिथे चालत नाही. हे द्रव हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. वरंधा किंवा आंबोलीच्या घाटात सतत ब्रेक दाबत उतरताना कॅलिपर तापतो, आतलं पाणी वाफ होतं, आणि लिव्हर अचानक रिकामा जातो. म्हणून दर दोन वर्षांनी बदला आणि गेल्या वर्षी उघडलेली बाटली वापरू नका. नावं सारखी असली तरी डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ४ च्याच जातीचं.

रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. हे द्रव पाण्यात विरघळतं, आणि रंग खायला त्याला फार वेळ लागत नाही.

माझ्या गाडीला सीबीएस किंवा एबीएस आहे. काही वेगळं करायचं का?

१ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना किमान सीबीएस (एकमेकांना जोडलेले पुढचा-मागचा ब्रेक) आणि त्यावरच्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. सीबीएसच्या ड्रम गाडीत मागचा पेडल दाबल्यावर पुढचा ब्रेकही ओढला जातो. म्हणजे पुढच्या ब्रेकला दोन मालक, आणि म्हणूनच २०१९ नंतरच्या स्प्लेंडरची जुळणी वेगळी. आधी हाताच्या लिव्हरचं ढिलेपण ठरवा, मग पेडल दाबून पुढचं चाक कधी धरतं ते पाहा. नुसता लिव्हर तपासून उठू नका.

एबीएसच्या गाडीत हबजवळ दातेरी कडी आणि तिच्यासमोर सेन्सर असतो. कडी वाकवू नका, सेन्सरवर चाक आपटू नका, आणि त्याची वायर आधी जिथून गेली होती तिथूनच न्या. लोखंडाचा कीस चिकटला असेल तर पुसा. गाडी सुरू केल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि थोडं चालल्यावर विझतो. विझला नाही तर आधी सेन्सर बघा. डबी पूर्ण रिकामी होऊन एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली असेल तर तिथे घरचा उपाय थांबतो, सर्व्हिस सेंटरचं यंत्र लागतं.

चाक फिरवलं की घासल्याचा आवाज येतो.

डिस्कमध्ये पॅडचा हलका ‘सुर्र’ आवाज असतोच. हाताने ढकललेलं चाक दोन-तीन फेऱ्या मोकळं फिरलं तर ठीक. एका फेरीत एकदाच घासत असेल तर डिस्क वाकडी आहे किंवा तिच्या बोल्टखाली कचरा राहिलाय. डिस्क काढली असेल तर तिचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे आणि आट्यांना थ्रेड लॉक (बोल्ट सुटू न देणारा गोंद) लावायचं.

ड्रममध्ये सतत घासत असेल तर केबल जास्त ओढलेली आहे. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी. नट आवळल्यावरच चाक जड होत असेल तर बुश उलटसुलट झालंय किंवा हबमधली नळी राहिली.

लायनरला किंवा पॅडला ग्रीस लागलं. पॉलिश पेपरने घासलं तर चालेल?

बोटाचा पुसट डाग असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा आणि घासा. ब्रेक ऑइल किंवा ग्रीस आत मुरलं असेल तर बदला. गॅसवर भाजून तेल उडवण्याचा सल्ला मिळेल. लायनिंग चिकटवलेलं असतं, त्या गोंदाची काय अवस्था होते ते कळायला मार्ग नसतो. डिस्क पुसायला रॉकेल-डिझेल वापरू नका, तेलकट थर मागे राहतो.

टायरचा बाण उलटा आलाय. तसाच चालवू?

पंक्चरवाल्याकडे परत जा. पुढच्या बहुतेक टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. हे चाक बसवण्याआधी पाहायचं, नंतर नाही. मी दोनदा नंतर पाहिलंय.

रस्त्यावर नेण्याआधी काय तपासू?

ठोकळ्यावरच चाक धरून डावी-उजवीकडे हलवा, कटकट नको. हँडल दोन्ही टोकांना वळवून केबल आणि नळी कुठे ताणली जात नाहीत ना ते पाहा. मग गाडी बंद ठेवून ढकला आणि पुढचा ब्रेक दाबा, चार-पाच वेळा. त्यानंतर सोसायटीतच पाच-दहाच्या वेगाने. मागच्या ब्रेकवर पाय तयार.

नवे पॅड किंवा लायनर लगेच पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगावरून १० पर्यंत हळू दाबत वीसेक वेळा या, मधे थोडं थंड होऊ द्या. पहिल्या दिवशी पूर्ण दाबून थांबवलंत तर पॅड काचेसारखा चमकतो आणि मग कायम किंचाळतो. ५० किलोमीटरनंतर अ‍ॅक्सल आणि कॅलिपरच्या बोल्टना एकदा पाना लावून बघा.

हात सोडला तर गाडी एका बाजूला जाते. चाक वाकडं बसलं का?

शॉकअपचे दोन्ही पाय चाकाला सरळ धरतात, त्यामुळे नुसतं चाक वाकडं बसणं कठीण आहे. टायर रिमवर एकसारखा बसलाय का पाहा. रिमच्या कडेजवळची बारीक रेघ सगळीकडून सारख्या अंतरावर हवी. तीही ठीक असेल तर अ‍ॅक्सल आणि हँडलखालचे क्लॅम्प सैल करून शॉकअप दोन-चारदा दाबा आणि परत आवळा.

सगळं झालं. ताटलीत एक वॉशर उरला.

उघडा परत.

तो दुसऱ्या कुठल्या कामातला असेल, मागच्या वर्षीचा असेल, ताटलीत आधीपासून असेल, हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय. एकदा तसाच गेलो. तिसऱ्या दिवशी मीटरच्या बाजूने कुरकुर सुरू झाली, उघडलं तर बुश सीलला चाटत होतं आणि सील अर्धं कापलेलं. वॉशर तिथलाच होता.

आता काम सुरू करण्याआधी ताटली धुऊन घेतो.